चष्मेवाल्याच्या मुलीचा नंबर

२ सप्टेंबर

तीन. किमान तीन! बाबांनी जेवताना जाहीर केलं आणि माझा घास तोंडातच राहिला.

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत म्हणे स्पष्ट लिहिलंय — प्रवेशासाठी शाळेच्या परीक्षेशिवाय प्रगत परीक्षा द्यायच्या, विषय आपले आपण निवडायचे, आणि ते किमान तीन. मी दोनच धरून चालले होते. साहित्य आणि इतिहास. दोन्ही लाडके. त्या दोघांच्या जिवावर मी पुढचं सगळं आयुष्य काढायला तयार होते. आता तिसरा कुठून आणू?

"तिसरा काय, भौतिकशास्त्र," बाबा म्हणाले. भौतिकशास्त्र जणू आमच्याच घरी राहतं, आत हातपाय धुतंय आणि आत्ता येऊन जेवायला बसेल, अशा सुरात.

आई म्हणाली, "ह्यांना प्रगत का म्हणतात? आधीच्या काय मागासलेल्या होत्या?"

कुणी हसलं नाही. मी पुस्तिका चाळली. विषयांची यादी वाचली, नियमांची पानं सोडून दिली. नियम बाबांनी वाचलेत. घरात एकानं वाचले की पुरे.

३ सप्टेंबर

दिवसभर तिसरा विषय. सुचला नाही. झोप मात्र छान लागली — दुपारी, इतिहासाच्या पुस्तकावर.

५ सप्टेंबर

बाबांना भौतिकशास्त्र का हवंय ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यांचं चष्म्याचं दुकान. पुढे फ्रेमांच्या भिंती, मागे एक लांबट अंधारी खोली. खोलीच्या एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला दिव्याच्या पेटीत अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात भिंगं बदलत राहायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" बाबांचं आयुष्य ह्या चार शब्दांत चाललंय. घरीही तेच. दोन सदरे हातात घेऊन आईसमोर उभे राहतात — हे बरं, की हे? आई मान वर न करता म्हणते, "दोन्ही सारखेच दिसतात." बाबा म्हणतात, गिऱ्हाइकंही हेच म्हणतात.

दुकानाच्या पाटीवर बाबांनी नावापुढे जागा सोडून ठेवलीय. 'आणि कन्या' एवढं बरोब्बर बसतं तिथे. म्हणजे मी भौतिकशास्त्र घ्यायचं, मग दृष्टितपासणीच्या अभ्यासक्रमाला जायचं, मग पाटीवर.

आणि गंमत अशी की मला दुकान आवडतं. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. भिंगांची ती लाकडी पेटी आवडते. प्रत्येक भिंग आपल्या खाचेत बसलेलं. मी अक्षरं शाळेत शिकलेच नाही, तक्त्यावर शिकले. क. मग र प. मग ग ट न. इतर पोरं बडबडगीतं म्हणायची, मी तक्ता म्हणायचे. अजूनही भांडी घासताना तोंडात तोच येतो. जवळचं वाचायला एक हातात धरायचं कार्डही आहे. त्याच्यावर गोष्ट — 'एका माणसाची टोपी हरवली.' ओळीगणिक अक्षर बारीक होत जातं, त्यामुळे चाळिशीचे लोक टोपी शोधता शोधताच थांबतात. शेवट त्यांना बाबा सांगतात. टोपी डोक्यावरच होती! काखेत कळसा नि गावाला वळसा.

आमच्या घरात चष्मा कुणालाच नाही. दर वाढदिवसाला बाबा मला खुर्चीत बसवतात आणि मी धडाधड शेवटच्या ओळीपर्यंत. "गरुडाचे डोळे," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. स्वतः पन्नाशी ओलांडून गेले तरी चाळिशी लागली नाही, हेही सांगतात. आई म्हणते, "ही दुकानाची जाहिरात आहे की बदनामी, ते एकदा ठरवा."

तर अडचण दुकानाची नाही. अडचण अशी की भौतिकशास्त्रात मी ढ आहे.

८ सप्टेंबर

बाबांनी परस्पर शिकवणीला नाव घातलं! 'एक आठवडा बसून तर बघ.' उशिरा गेल्यामुळे जागा मागच्या बाकावर मिळाली. शेजारी पोपट. (मैत्रीण. सगळं पाठ असतं म्हणून पोपट. तीन विषय तिनं केव्हाच ठरवलेत, आणि तिसऱ्याचा विचार करणाऱ्या माणसांची तिला गंमत वाटते.)

सरांचं नाव खडू सर. फळाभर लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात. आज एक मोटार वळणावरून चालली होती, तिचं काय काय होईल ते काढायचं होतं. मी काढलं. सरांनी माझी वही घेतली, बराच वेळ बघितली.

"सोडवलंयस अगदी बरोबर," म्हणाले. "फक्त हे गणित मी दिलेलं नाही."

त्यांची मोटार ताशी तीसनं चालली होती. माझी ऐंशीनं. सगळा वर्ग हसला. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "वळणावर ऐंशी? त्या ड्रायव्हरचं लायसन्स काढून घ्या." आई मोटार चालवायला शिकवते. तिच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक आहे आणि तिच्या मते तो प्रत्येक घरात असायला हवा.

९ सप्टेंबर

चाचणीचे गुण मिळाले. लिहीत नाही.

१२ सप्टेंबर

आई मला मोकळ्या मैदानामागच्या रस्त्यावर गाडी शिकवायला घेऊन गेली. डोकं जरा हवेशीर होईल म्हणे. झालं उलटंच.

"थांब लिहिलंय तिथे! वाचता येत नाही का?" असं म्हणून तिनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. मी म्हटलं, वाचणारच होते, पाटी जवळ तरी येऊ दे.

"पाटी जवळ येत नाही, बाई. आपण जातो पाटीजवळ. आणि त्याच्या आधी वाचायची असते."

इतक्या लांबून पाट्या काय कुणी वाचतं? आईला शिकवायची सवय झालीय, एवढंच. परतताना म्हणाली, "तुझं लक्ष ठिकाणावर नाही. एकदाचा तो तिसरा विषय ठरव. सिग्नलला उभं राहून इंजिन गरम होतं." मी विचारलं, तू कुठला घेतला असतास? म्हणाली, "ज्या रस्त्याला गर्दी कमी तो."

१४ सप्टेंबर

बाबा गिऱ्हाइकांचा कौल घेतायत! नाकावर ती जड फ्रेम, हनुवटी वर, माणूस पळू शकत नाही. अशा वेळी विचारतात, "मुलीनं भौतिकशास्त्र घ्यावं की नाही? तुमचं मत काय?" समोरचे सलूनवाले म्हणाले, रसायनशास्त्र घे, केसांच्या रंगांना मरण नाही. एक बाई म्हणाल्या, तर्कशास्त्र घ्या, पुढे सासरी उपयोगी पडतं. आत्याचा फोन आला — तिच्या मुलानं चार घेतलेत. आत्याचा मुलगा जन्मला तेव्हाही म्हणे इतरांपेक्षा वजनानं जास्त होता.

मी हिशोबाच्या टेबलाशी बसून सगळं ऐकत होते. बाबांना म्हटलं, लोक काहीही सांगतात, तुम्ही खरं मानता?

"लोक खुर्चीत खोटंच बोलतात," बाबा म्हणाले. "डोळे तपासायला येतात आणि परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात. नापास व्हायचं नसतं ना! काही जण तर मी भिंग घालायच्या आधीच 'हे बरं' म्हणून मोकळे होतात. अरे, इथे नापास कोणी होत नाही. खरं सांगितलं की चष्मा मिळतो, इतकंच."

मग मला फोनवर आलेला एक निरोप वाचून दाखवायला सांगितलं. फोन लांब धरून त्यांचा हात अवघडतो. हल्ली सगळे कंजूष झालेत म्हणे, वर्तमानपत्रवाले शाईत आणि फोनवाले अक्षरांत.

१७ सप्टेंबर

आज पुन्हा खडू सर. पुन्हा मी भलतंच गणित सोडवलं. तीनाचा आठ, आठाचा शून्य, वजाचं नाहीच. सर वैतागले नाहीत, वैतागले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "डोकं चांगलं आहे तुझं. सुरुवातच चुकते. फळ्यावर असतं काय आणि तू उतरवतेस काय! लक्ष लागत नसेल तर हा विषय नको घेऊस. ह्यात काही लाज नाही."

पोपट वाटेत म्हणाली, "तू कानाची विद्यार्थिनी आहेस. काही जण असतात तसे." खरं आहे. इतिहासाच्या बाई फळ्याला हातसुद्धा लावत नाहीत, खुर्चीत बसून सगळं तोंडानं सांगतात, आणि मला शब्द न् शब्द आठवतो. साहित्याचंही तेच. पुस्तकात जे असतं ते मला जमतं, कानावर पडतं ते जमतं. फळ्यावर गेलं की संपलं. माझ्या मेंदूत फळ्याची खोलीच बांधलेली नाही बहुतेक.

घरी येऊन रडले. थोडंच. मला वाईट ह्याचं वाटतं की मला हवं होतं. प्रकाश वाकतो कसा, भिंगातून जाऊन एका ठिकाणी येतो कसा, ते पुस्तकात वाचताना मला इतकं सोपं वाटलं होतं! पेटीतली भिंगं डोळ्यांसमोर येत होती. पण परीक्षेत पुस्तक देत नाहीत.

१९ सप्टेंबर

ठरलं. तिसरा विषय भूगोल. नकाशे पुस्तकात असतात.

बाबांना दुकानात जाऊन सांगितलं. वाटेत भाषण तयार केलं होतं — मी दुकानाला नाही म्हणत नाहीये, पण ज्याचं त्याला जमतं, वगैरे. पहिल्याच वाक्याला बाबा "बरं" म्हणाले. भाषण तसंच उरलं. त्यांनी एक भिंग घेतलं, पुसलं, पेटीत ठेवलं. मग शेजारचं घेतलं, पुसलं. सगळी स्वच्छच होती.

आई घरी म्हणाली, "वळायच्या आधी मागे बघितलंस ना?" मी म्हटलं, बघितलं. "काय होतं मागे?" मी म्हटलं, बाबा.

२० सप्टेंबर

भूगोल. पर्जन्यमान. जांभई.

२१ सप्टेंबर

बाबा रागावलेले नाहीत. रागावले की मला 'राणीसरकार' म्हणतात. ह्या वेळी नुसतं नावानं हाक मारतायत, तेच सोसवत नाही. सकाळी दोन सदरे हातात घेऊन आईसमोर उभे राहिले आणि विचारायचंच विसरले. आईनं स्वतःहून सांगितलं, "डाव्या हातातला." मग माझ्याकडे असं बघितलं की जणू सदऱ्यांचा खून मीच केलाय.

२३ सप्टेंबर

आज काय झालं ते नीट, पहिल्यापासून लिहिते.

संध्याकाळी दुकानात एक बाई आपल्या पोराला घेऊन आल्या. पाच-सहा वर्षांचा असेल. शाळेतून चिठ्ठी आली होती, डोळे तपासा म्हणून. पोरगा खुर्चीला बघून असा ओरडला की समोरच्या सलूनमध्ये वस्तरा थांबला. बाबांनी गोड बोलून बघितलं, खेळणं दिलं, काही नाही. मग मला म्हणाले, "तू बस जरा. बघ रे, ही ताई कशी पटापट सांगते. काही दुखत नाही."

मी बसले. डोक्यात भूगोल आणि बाबांचं ते 'बरं'. बाबांनी पलीकडच्या टोकाला जाऊन पेटीचा दिवा लावला, परत आले, पोराला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "हं ताई, सांग."

मी सुरू केलं. "क. र प. ग ट न. च भ —"

पोरगा रडायचा थांबला. माझ्याकडे बघितलं, समोर बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग हसायलाच लागला.

"ताई बदकाला 'र' म्हणते!"

मी म्हटलं, कुठलं बदक?

"ते काय बदक! नि ते घर, नि ती बोट! काका, ताईला काहीच येत नाही!"

तो तक्ता दोन्ही बाजूंनी आहे. एका बाजूला अक्षरं, मागच्या बाजूला ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी चित्रं. बाबांनी पोरासाठी तो उलटा केला होता. मी समोर बघितलं. खरंच सांगते, ह्या पानाशी काय खोटं बोलायचं — मला पेटीचा उजेड दिसला आणि त्यात काळे ठिपके. बदक नाही, घर नाही. नेहमी दिसायचे तसेच ठिपके. मी कधी त्यांच्याकडे बघतच नव्हते. तक्ता वाचायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, म्हणायचा असतो.

बाबांना आधी वाटलं मी पोराला हसवायला नाटक करतेय. तेही हसले. मग माझं तोंड बघून थांबले.

पोरगा एकदम खुशीत येऊन खुर्चीवर चढला. त्याला सगळी चित्रं दिसली. डोळे ठणठणीत. जाताना आईला म्हणाला, "त्या ताईला पुन्हा पहिलीत बसवतील का?"

२४ सप्टेंबर

बाबांनी काल दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मला परत खुर्चीत बसवलं. ती जड फ्रेम पहिल्यांदा माझ्या नाकावर. इतकी वर्षं बघतेय, वजन आत्ता कळलं. भिंग बदलत गेले आणि विचारत गेले. हे बरं, की हे? आवाज नेहमीसारखा नव्हता. मी खरं खरं सांगितलं. आणि ठिपक्यांतून बदक बाहेर आलं. पाय, चोच, सगळं. त्याला डोळासुद्धा होता.

दोन्ही डोळ्यांना अडीच. लांबचं दिसत नाही.

"दर वर्षी तपासलं मी तुला," बाबा म्हणाले. "दर वर्षी." मग पेटीचं झाकण लावून त्याच्यावर हात ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, बाबा, तुमची काय चूक, मला पाठ होतं. ते म्हणाले, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि दिवा कोण, तर मी."

घरी आईला सांगितलं. आई हसता हसता ओट्याला टेकली. "सगळ्या गावानं हिचा नंबर लागेल, नंबर लागेल म्हटलं. लागला की!" मग तिचं हसू थांबलं. "म्हणजे त्या दिवशी थांबची पाटी तुला..." म्हणाली. खुर्ची ओढून बसली, पाणी प्यायली. तिच्या बाजूच्या ब्रेकबद्दल मी ह्यापुढे कधीही काही बोलणार नाही.

२७ सप्टेंबर

चष्मा आला! फ्रेम बाबांनी निवडली. मला विचारून. सारखं विचारून.

आज पाहिलेल्या गोष्टी — समोरचे सलूनवाले इतकी वर्षं माझ्याकडे बघून हसत नव्हते, ते उन्हानं डोळे बारीक करतात. मी रोज उलट हसत होते, त्यांना काय वाटत असेल! आईच्या कानाशी केस पांढरे झालेत. दुकानाच्या पाटीवर नावापुढे रिकामी जागा आहे हे मी ऐकलं होतं, पलीकडच्या फुटपाथवरून आज पहिल्यांदा बघितली. चांगली मोठी आहे.

२८ सप्टेंबर

खडू सरांना मिशी आहे!!

फळ्यावर जे होतं तेच सोडवलं. एकही चुकलं नाही. सर वही परत देताना म्हणाले, "आज माझंच गणित सोडवलंत. आभारी आहे." मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा बघायला मागितला, उलटासुलटा केला, परत दिला. म्हणाले, "आणि मी तुला विषय सोड म्हणालो." मला त्यांची दया आली. मिशीसकट चेहरा पडला की फारच पडल्यासारखा दिसतो.

पोपट खट्टू. "मग तू कानाची विद्यार्थिनी नाहीस?" तिनं ते सिद्धान्तासारखं सगळीकडे सांगितलं होतं.

पण खरा घोळ पुढेच आहे. भूगोल ठरवला तो दिसत नव्हतं म्हणून. आता दिसतंय, तर भौतिकशास्त्र मला हवंय म्हणून घ्यायचं, की बाबांना वाईट वाटू नये म्हणून? दोन्ही सारखंच दिसतंय. ह्याला भिंग कुठलं लावायचं?

३० सप्टेंबर

आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस. दुकानातच बसलो, मी आणि बाबा. बाबांनी फ्रेमांच्या स्क्रूंच्या खणातून पुस्तिका काढून दिली. विषयांच्या रकान्यापाशी एक तारा होता — नियम बघा. म्हटलं, शेवटी एकदा बघू या ते नियम तरी काय आहेत.

बघितले. पुन्हा बघितले. मग बाबांना म्हटलं, "बाबा, इथे किमान नाहीये. कमाल आहे."

"काय कमाल आहे?"

"कमाल तीन. जास्तीत जास्त तीन. कमीत कमी एक. मी दोन दिले तरी भागतं. आधीच भागत होतं!"

बाबांनी पुस्तिका घेतली, हात लांब केला, अजून लांब केला. "किमानच तर आहे," म्हणाले. मी बोट ठेवलं. "छपाईच अशी केलीय," म्हणाले. "एका वेलांटीचा नि एका अक्षराचा तर प्रश्न." एका वेलांटीपायी नि एका अक्षरापायी महिनाभर घरात जेवण गोड लागलं नाही. सलूनवाले, आत्या, फ्रेममध्ये अडकलेली ती सगळी माणसं, पर्जन्यमान!

मग बाबा पुस्तिका मिटून म्हणाले, "म्हणजे तुला तिसरा घ्यायची गरज नाही. साहित्य, इतिहास लिही आणि मोकळी हो. सुटलीस." म्हणाले आणि खरंच तसंच वाटून म्हणाले. मला कळतं त्यांचा आवाज.

आणि तेव्हा एकदम स्पष्ट दिसलं. कुणी मागे लागलेलं नाही, नियम नाही, बाबांनीही सोडून दिलंय — आणि मला ते हवंच आहे. मी साहित्य लिहिलं, इतिहास लिहिला, आणि तिसऱ्या रकान्यात भौतिकशास्त्र लिहिलं. बाबांना दाखवलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला, बराच वेळ लावला, मग म्हणाले, "आतला दिवा चालू राहिलाय वाटतं," आणि आत गेले. दिवा चालू नव्हता.

आई म्हणाली, "वळलीस ते वळलीस, इंडिकेटर दिलास हे बरं केलंस." रात्री बाबा दोन सदरे घेऊन तिच्यासमोर आले. चार शब्द परत आले घरात.

६ ऑक्टोबर

नवा तक्ता आला, कारण जुना आता माझ्यासमोर निरुपयोगी. त्याच्याबरोबर जवळचं वाचायचं नवं कार्डही आलं. बाबांनी ते ऐटीत हातात घेतलं, हात लांब केला, घसा खाकरला आणि गिऱ्हाइकांना वाचून दाखवतात तसं मला वाचून दाखवलं — "एका माणसाची टोपी हरवली."

नव्या कार्डावर टोपी नाही. तिथे एक म्हातारी होडीतून नदी ओलांडतेय.

मी दार लोटून घेतलं, बाबांना खुर्चीत बसवलं, ती जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि पेटी उघडली. "हे बरं, की हे?" मी विचारलं.

"हे बरं," बाबा म्हणाले. मी अजून भिंग घातलंच नव्हतं.